हाताला हात लागेपर्यंत

धाराशिव जिल्ह्यात बोअरमध्ये अडकलेली मोटार वर काढणारे पुष्कळ असतील, पण आमच्या बेंबळीच्या मामांइतका तळहातावर विश्वास आणि डोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. मिक्सर, शेजाऱ्याची फटफटी, लग्नातला जनरेटर, दिसेल त्या यंत्रावर ते आधी हात ठेवतात आणि डोळे मिटून निकाल देतात. एकदा एसटीच्या पत्र्याला हात लावून बसले आणि नळदुर्गला उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "मागलं डावं चाक बघून घ्या, साहेब. हाताला कळतं." ड्रायव्हर हसला. गाडी पुढच्याच ढाब्यापाशी बसली, हे मामा आजतागायत येईल त्याला ऐकवतात. मोटार वर येताना तर त्यांचा कडक नियम, की दुसऱ्याचा हात पाइपाला लागल्याशिवाय आपला काढायचा नाही. व्याही लग्नपत्रिका घेऊन थेट बोअरवर आले, तेव्हा मामांनी हनुवटीनंच रामराम केला आणि पत्रिका दातांत धरली. व्याही रुसले ते बारशापर्यंत.

अशा माणसाच्या बायकोच्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोबोच्या मदतीनं बेंबीपाशी एकच छेद घेऊ, गाठ काढू, बाकीची किडनी वाचवू. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला भलताच आनंद झाला. मामांचा मात्र चेहरा उतरला. "एकाच भोकातनं?" एवढंच ते म्हणाले. त्यांचा सारा जन्म एकाच भोकातून काम करण्यात गेलेला. वर न आलेल्या तीन मोटारी कुणाकुणाच्या शेतात आहेत, ते त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितलं.

मग त्यांनी बाईंनाच गाठलं. "ती मशीन तिची ती चालती व्हय?"

"नाही काका, मी बाजूला बसून चालवते. पेशंटजवळ दुसरे डॉक्टर असतात."

"मंग आत वढताना किती ताण बसला, ते तुमच्या हाताला कळतं का?"

बाई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "हाताला फारसं नाही कळत, काका. समोर मोठं करून दिसतं, त्यावरून ओळखायचं. सवयीनं येतं."

डोळ्यांचं नाव निघालं आणि मामा मटकन बाकावर बसले. मामी हसत म्हणाल्या, "करू द्या की त्यास्नी. तुमच्या हाताला तरी कुठं कळली ही गाठ?" त्यांनी गंमत केली होती, पण त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मीही त्यांना चिडवायचं सोडलं.

ऑपरेशनच्या सकाळी मामींना आत नेलं, तसा मामांनी थिएटरच्या भिंतीला तळहात लावला. नर्सनं दोनदा बसायला सांगितलं. "बसतो, बाई," म्हणाले आणि उभेच राहिले. एक हात भरून आला की आधी दुसरा टेकवायचे, मग पहिला काढायचे. मला हसू यायला हवं होतं, पण मी सारखा थिएटरच्या दाराकडंच बघत होतो. सांगितलेली वेळ टळून गेली. विचारलं तर "अजून चाललंय" एवढंच उत्तर मिळालं. मामा आता घडीघडी हात बदलत होते.

शेवटी ते ओशाळून म्हणाले, "लघवीला जाऊन येतो. तेवढा हात लाव बाबा."

अशा गोष्टींना काही अर्थ नसतो, हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवत आलोय. मी हात लावला. भिंत गार होती आणि तिच्यातून काहीसुद्धा कळत नव्हतं. माझा हात नीट टेकला याची खात्री करूनच मामा गेले.

ते वळले असतील नसतील, तोच दार उघडून बाई बाहेर आल्या. "गाठ निघाली. किडनी वाचली. काकू ठीक आहेत. या, बघून घ्या."

"मामा येऊ द्या," मी म्हणालो आणि तिथंच उभा राहिलो. मला रडू येत होतं.

मामा धोतर सावरत येताना दिसले. मी लांबूनच ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण आले ते सरळ भिंतीपाशी. आधी त्यांनी आपला हात टेकवला, मग मी माझा काढला.