अमावास्येचा काळा गोल

तारे पाहायला चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणून गावाबाहेरच्या माळावर जायला मी अमावास्या ठरवली. शेजारच्या दोघांनी लगेच अंग काढून घेतलं. आमच्याकडे त्या दिवशी कुणी साधं परगावीही जात नाही. मी हिरमुसून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचा तो काळा गोल बघत बसलो. ज्या रात्री आभाळ सगळ्यांत भरलेलं असतं, नेमकी तीच रात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या दारं लावून घालवली!

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मलाही ने. जन्मभर ज्या रात्रीला भ्याले, ती एकदा बघू तरी दे."

उठून तिनं पिठाचं बोट त्या गोलावर टेकवलं. काळ्यावर पांढरे ठिपके उमटले.