चौदा दिवसांचं पाणी

मी राजेश्वरी. आमच्या मालकांचं नाव लालासाहेब. एरवी घेत न्हाई, पण आज लय डोकं फिरलंय म्हणून घेते. बावीस वर्सं मिल्ट्रीत बांधकामावर व्हतं. समुद्रात बोटींचं धक्कं बांधलं. खारं पाणी सिमेंटाला कसं खातं, ते डोळ्यांनी बघितलेला माणूस! पण आष्ट्याच्या शिवारात त्यास्नी इचारतंय कोण?

उसाला पाणी पाजून पाजून आमची जमीन खारपड झाली. उन्हाळ्यात वर पांढरंफेक मीठ फुटतं. तिथंच धाकट्या दिरांनी, धैर्यशील भावजींनी, घर काढलं. मालक म्हणालं, "धैर्या, पायाला स्लॅगचं सिमेंट आण. साधं ह्या खारात टिकायचं न्हाई."

"लोखंडाच्या भट्टीचा कचरा मिसळत्यात त्यात! माज्या घराला भेसळ?"

"भेसळ न्हवं रं. जरा सावकाश धरतं, एवढंच. चौदा दिवस कॅनॉलचं गोडं पाणी मार, आन् तवर खड्डं बुजवू नगंस, कच्च्या पायाला ही खारी माती लागली की संपलं."

आठ दिवस डोकं खाल्लं तवा भावजी तयार झाले. पाया वतला. मालक सकाळ-संध्याकाळ स्वता पायावर टाकलेली पोती भिजवायचं. पाचव्या दिवशी पेन्शनच्या कागदासाठी त्यास्नी दोन दिवस साताऱ्याला जावं लागलं, आन् इकडं भटजींनी चौकट उभी करायचा मुहूर्त काढला. नववा दिवस! पावण्यांना आवतणं गेली. भावजींनी सहाव्याच दिवशी जेसीबी आणला आन् तीच पांढरी माती खड्ड्यात ढकलली.

मी धावत गेले. "आवं भावजी, दादांना येऊ द्या की!"

"वैनी, पावणं काय खड्ड्यात बसवू?"

मुडदा बशिवला त्या मुहूर्ताचा! मालक आलं, बघितलं, म्हणालं, "परत उकर." भावजी म्हणाले, "घर माजं हाय, दादा." नवव्या दिवशी चौकटीची पूजा झाली, पंगती उठल्या. मालक न जेवताच घरला आलं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर खांबांच्या बुडाचं पोपडं निघालं. सळई दिसाय लागली. आता भावजी गावभर सांगत्यात, दादाच्या भेसळीच्या सिमेंटानं घर खाल्लं. गाव मान हलवतंय. खड्डं कुणी बुजवलं, त्ये एकाच्या बी तोंडातनं निघत न्हाई. मी चारचौघींत बोलले, तर म्हणाल्या, नवऱ्याची बाजू घेणारच की तू.

यंदा आमच्या ऋषिराजनं त्याच शिवारात घर काढलंय. आज साध्या सिमेंटाची पोती आली. मालक कायतरी बोलाय गेलं, तर पोरगं म्हणतंय, "बाबा, तुमी यात पडू नगा. काकांचं बघितलंय न्हवं?"

मालकांनी पोती मोजून घेतली, वर ताडपत्री टाकली.

माजा जीव जळला. म्हटलं, "आवं, त्याला खरं सांगा की! बापाचं ऐकल त्यो."

"सांगून पटंल का त्याला?" मालक म्हणालं. "पोराला बी वाटतंय, भावाचं घर मी बुडवलं."