मधला कळलाव्या

नवरा सर्व्हर सांभाळणारा, बायको नेटवर्क सांभाळणारी, आणि दोघंही एकाच इस्पितळात. अशा घरात भांडणाला विषय शोधावा लागत नाही. काही बंद पडलं की हा म्हणणार तुझी वायर, ती म्हणणार तुझा डबा. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, दूध उतू गेलंय, ते कोणाच्या खात्यावर धरू?

बायकोला इस्पितळात सगळे दुर्बीण म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता, उलट ऐटच होती. संगणक एकमेकांशी बोलतात ते तुकड्यातुकड्यांनी, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. दुर्बीण ही पॅकेटं जाता-येता टिपून ठेवायची आणि मग एकेक उलगडून वाचायची. आधी कोण बोललं, हुंकार कोणी दिला, उत्तराला कोणी उशीर लावला, सगळं तिला दिसायचं. माणसं खोटं बोलतील, पॅकेटं बोलत नाहीत, हे तिचं ठरलेलं वाक्य. नवऱ्याचे कान ते ऐकून किटले होते.

अन् मग तो बिघाड आला. लांबलांबच्या दवाखान्यांतून मुख्य इस्पितळाकडे स्कॅनची चित्रं यायची. साधा एक्स-रे सुरळीत पोचायचा, मोठं स्कॅन निघालं की अर्ध्या वाटेत घोडं अडायचं. डॉक्टर खोळंबले, रोगी त्याहून जास्त. दुर्बिणीने एका दवाखान्यात पॅकेटं टिपली आणि बैठकीत सांगून टाकलं, बोलणं तोडणारं पॅकेट सर्व्हरच्या नावाने येतंय, म्हणजे सर्व्हरच मध्ये फोन आपटतोय. झालं! संचालकांनी ठरवलं, सर्व्हरचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं आणि सर्व्हर विभागाला नारळ. शुक्रवारी शिक्कामोर्तब व्हायचं होतं. त्या विभागात नवरा आला, हे सांगायला नको.

त्याच्याकडच्या नोंदी उलट सांगत होत्या, की फोन दवाखानाच ठेवतो. पण त्या ऐकतो कोण? कुठला चोर कबूल करतो? संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या त्याने विषय काढला.

"तू एकाच टोकाला बसून ऐकलंस," तो म्हणाला. "आता माझ्या टोकाला ये."

तिने वाटी अशी आपटली की सासूबाई चपापल्या. पण दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या खोलीत खुर्ची ओढून बसली ती तीच. दवाखान्यातही टिपणं चालू ठेवलं आणि तिथल्या लोकांना एक मोठं स्कॅन पाठवायला सांगितलं.

दोन्ही टिपणं शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. बोलणं तोडायचा निरोप दवाखान्याला आला सर्व्हरच्या नावाने, सर्व्हरला आला दवाखान्याच्या नावाने, आणि धाडला होता दोघांनीही नाही. दोन जावांमध्ये चहाड्या करणारा कुणीतरी कळलाव्या मध्ये बसला होता. त्याचा ठावही तिने काढला. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर तो एकाने घटतो. सर्व्हरची खरी पॅकेटं दवाखान्यात पोचेपर्यंत आकडा बराच उतरलेला असायचा. या निरोपाचा जवळजवळ होता तसाच. म्हणे लांबून चालत आलोय, आणि चपलेला धूळ नाही! म्हणजे स्वारी दवाखान्याच्या दाराशीच बसलेली.

दाराशी काय होतं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. माहितीची चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक दवाखान्यात बसवलेलं राखणदार यंत्र. गेल्या वर्षी भांडून मंजूर करून घेतलं होतं तिनेच. एका दमात फार मोठा ऐवज बाहेर चालला तर बोलणं तोड, हा नियमही तिच्याच हातचा. त्याच कामाच्या जोरावर तिचं नाव विभागप्रमुख म्हणून पुढे होतं.

नवऱ्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खरं तर त्याने सुटकेचा श्वास सोडायचा, पण त्याने आधी खोलीचं दार लावून घेतलं. हळूच म्हणाला, नियम गुपचूप बदलून टाक, बिघाड आपोआप मिटेल, कोण विचारतंय?

"आणि तुझ्या माथी मारलेलं तसंच राहू दे?" ती म्हणाली.

शुक्रवारी तिने दोन्ही टिपणं पडद्यावर लावली. मागच्या बैठकीत आपण बोललो ते चूक होतं, दोष आपल्या यंत्राचा आहे आणि नियम आपण लिहिलाय, असं सरळ सांगितलं. संचालक गालातल्या गालात हसले. सर्व्हर तुमच्या घरचाच आहे, हे आम्ही विसरावं का, म्हणाले. नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"विसरू नका," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर जाऊच नका. पॅकेटं समोर आहेत, ज्याला येतं त्याने वाचावीत."

दोघांनी वाचली, तिच्याच विभागातल्या. मग तिने नियम बदलला, दवाखान्याने असेल नसेल तेवढं जड स्कॅन पाठवलं, आणि ते अख्खंच्या अख्खं आलं.

सर्व्हर विभाग वाचला. प्रमुखपद मात्र दुसऱ्याला गेलं. ती घरी येऊन मनसोक्त रडली, सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढे तपासणीचे अहवाल पाठवणाऱ्या एका कंपनीशी इस्पितळाची जुंपली. कंपनी म्हणे अहवाल तुमच्या नेटवर्कमध्ये हरवतात, इस्पितळ म्हणे तुम्ही पाठवतच नाही. निवाडा कोणी करायचा, यावर खोलीत बराच वेळ काथ्याकूट झाला. शेवटी कंपनीचाच माणूस कंटाळून म्हणाला, "तुमच्या त्या दुर्बीणबाईंना बघू द्या. आमच्यावर आलं तरी चालेल. त्या स्वतःवर आलेलंही सांगतात, असं ऐकलंय."

नवरा मागच्या रांगेत बसला होता. तो शेजारच्याकडे वळून म्हणाला, "माझी बायको आहे ती." शेजारच्याला ते कधीपासून ठाऊक होतं, तरी त्याने सांगितलंच.