नकाशात नसलेल्या देशाच्या फुलदाण्या

राहुलचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. स्क्रीनवर त्याचं नाव बघून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तिकडं जर्मनीत अजून उजाडलंही नसेल, हा इतक्या लवकर का फोन करून राहिला? यशोधराचा हा एकुलता एक मुलगा. कधी फोन केला की आधी चेष्टा करायचा, मग कामाचं बोलायचा. त्या दिवशी चेष्टा नव्हती. "नंदामावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, की सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून शेजारच्यांनी मागच्या बाजूनं जाऊन पाहिलं, खुर्चीतच होती, झोपल्यासारखी... "मामा देगलूरहून निघालाय. मला पोचायला उद्याची संध्याकाळ होईल. तू जाशील का आधी? घरात आपलं कुणीतरी असावं."

मी नांदेडची बस धरली. यशोधराच्या घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं आणि तिच्या मागं, भिंतीतल्या कडप्प्याच्या कप्प्यांवर, त्या साऱ्या फुलदाण्या उभ्या होत्या. नारंगी, तपकिरी, काळ्या, काही गडद निळ्या. काहींच्या अंगावर जाड, खडबडीत, उतू जाऊन थिजल्यासारखा लेप. माझ्याशेजारी बसलेल्या एक बाई पदर सावरत हळूच म्हणाल्या, "हे एवढं कशाचं हाय ओ बाई? एकातबी फूल न्हाई." मी तोंड उघडलं आणि थांबले. हा प्रश्न यशोधराच्या घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा आणि उत्तर द्यायला तिला फार आवडायचं. तिच्या देखत ते उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

आम्ही दोघी नांदेडच्या एका शाळेत बरोबरच लागलो. मी मराठी शिकवायची, ती भूगोल. तिचं माहेर देगलूरचं. वडील तिथल्या आडतीत हमाली करायचे, आणि भावंडांत शिकून नोकरीला लागलेली ही पहिली. मी उदगीरच्या दुकानदाराघरची. पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये माझा डबा आणि तिचा डबा शेजारी असायचे, दुसऱ्या वर्षापासून एकच झाला. तिच्या तासाला पोरं गप्प बसायची नाहीत, कारण ती बसू द्यायची नाही. "तुमच्या घरामागचा दगड काळा का आहे? पायऱ्या-पायऱ्यांसारखा का दिसतो?" असं विचारून ती वर्गाला अंगणात न्यायची. आपला सगळा मराठवाडा एकेकाळी वितळलेला लाव्हा होता, हे ती अशा आवाजात सांगायची, जणू कालच तिच्या समोर घडलं.

निवृत्तीनंतर मी लातूरला राहायला आले, ती नांदेडलाच राहिली. लवकरच तिचे मिस्टर गेले. पाटबंधारे खात्यात होते, शांत माणूस. राहुलनं हट्टानं तिला तीन महिने तिकडं नेलं. तो कोब्लेन्झजवळ राहतो. तिथून परत आली तेव्हा मी तिला आणायला हैदराबादच्या विमानतळावर गेले होते. बाकीचे सगळे बाहेर आले, ही येईना. आली ती हसतच. कस्टमच्या माणसानं पिशवीत शालीत गुंडाळलेलं काहीतरी पाहून थांबवलं होतं. "मॅडम, अंदर क्या है?" तिनं सांगितलं, फूलदान. त्याला पटेना. एवढ्या लांबून माणूस अत्तर आणतो, चॉकलेट आणतो, मातीचं फूलदान कशाला? उघडायला लावलं. त्यानं त्या खडबडीत लेपावर बोट फिरवलं आणि विचारलं, "जला हुआ है क्या?" मग काय... हिला विद्यार्थी सापडला. भट्टीत लेप कसा फसफसतो, त्याचे बुडबुडे कसे फुटतात, हे तिनं त्याला मागची रांग ओरडेपर्यंत समजावून सांगितलं.

ती पहिली फुलदाणी तिला रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली होती. राहुलबरोबर सहज गेली होती. एका टेबलावर ती उभी होती, आणि यशोधरानं हात लावला तर आपल्याकडचाच दगड हाताला लागावा तसं तिला वाटलं. "नंदा, खरं सांगते, मला वाटलं अजिंठ्याकडचा डोंगर कुणीतरी नारंगी रंगात बुडवून टेबलावर ठेवलाय." तिनं ती उलटी केली. बुडाशी मातीतच अक्षरं दाबलेली होती. 'डब्ल्यू. जर्मनी'. म्हणजे पश्चिम जर्मनी. ती जन्मभर नकाशे शिकवत आलेली. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या वर्गातल्या नकाशावर तो देश होता. मग एका वर्षी नवा नकाशा आला आणि तो नव्हता. "जो देश मी फळ्यावर पुसला, तो इथं बुडाखाली सापडला," ती म्हणाली.

मग ते वेड वाढत गेलं. अक्षरांशेजारी आकडे असतात, त्यातला पहिला घाटाचा आणि दुसरा उंचीचा, हे तिनं शोधून काढलं. कारखान्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच, मग घाटावरून, मातीच्या रंगावरून ओळखायचं. युद्धात सगळं बेचिराख झालेल्या माणसांनी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घरात एवढे भडक रंग का आणून ठेवले असतील, याचा ती दिवसेंदिवस विचार करायची आणि मला फोन करून करायला लावायची. राहुल दरवर्षी सुट्टीला येताना एखादी घेऊन यायचा. बाकीच्या हैदराबादच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, कुणाकुणाच्या माळ्यावरून. फूल मात्र कधी घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "फूल घातलं की लोक फुलाकडं बघतात."

एकदा आम्ही तिच्या भाचीच्या लग्नाला देगलूरला गेलो होतो. परतीच्या बसला अवकाश होता म्हणून स्टँडसमोरच्या एका हॉटेलात चहाला बसलो. गल्ल्याशेजारी एक काळी-लाल फुलदाणी होती, उदबत्त्या खोचलेली. यशोधरा चहा सोडून उठली, गल्ल्याजवळ गेली आणि मालकाला न विचारता ती उचलून उलटी केली. उदबत्तीची राख सगळ्या गल्ल्यावर पसरली. मालक रशीदभाई भडकले. "ये क्या कर रै बाई तुम? भाई की निशानी है वो."

ती माफी मागत होती, पण नजर बुडावरून हटत नव्हती. मग तिनं विचारलं, हे तुमच्याकडं आलं कुठून? रशीदभाई राख झटकत, नाखुशीनंच बोलायला लागले. त्यांचा थोरला भाऊ आखातात ड्रायव्हर होता, एका जर्मन साहेबाकडं. साहेब गाशा गुंडाळून निघाला तेव्हा मेमसाहेबानं हे त्याला दिलं. भावानं ते विमानात मांडीवर धरून आणलं. पण इथं कुणी विश्वास ठेवला नाही. "सब हसते थे. बोलते थे, हैदराबाद के फुटपाथ से लाया, और जर्मनी-जर्मनी करता. फेकू बोलते थे उसकू. वो दुबारा गया, उधरीच गुजर गया."

यशोधरानं फुलदाणी त्यांच्यापुढं धरली. "हे वाचा." त्यांना इंग्रजी अक्षरं जेमतेम येत होती. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. भट्टीत घालायच्या आधी ओल्या मातीत हे उमटवलेलं असतं, नंतर कुणाला लिहिता येत नाही, हेही सांगितलं. "तुमचा भाऊ खरं बोलत होता."

रशीदभाईंनी राखेचे हात सदऱ्याला पुसले. मग आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अम्मी, जरा बाहर आओ." भिंतीला धरत एक म्हातारी आली. मुलानं तिच्या कानाशी सांगितलं. तिला दिसत कमी होतं. यशोधरानं तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. म्हातारी रडली नाही. एवढंच म्हणाली, "मैं तो पैलेच बोली थी. मेरा बच्चा झूट नै बोलता." आणि मुलाला म्हणाली, बाईंना ताजा चहा टाक.

आमची बस चुकली. पुढच्या बसमध्ये मी तिला म्हटलं, "तुझ्याकडं असली काळी-लाल नाही ना? मागून तरी बघायचं." ती खिडकीबाहेर बघत होती. "कुठं आहे ते कळलं ना," म्हणाली, "बस झालं की." नंतर देगलूरला गेली की ती त्या हॉटेलात जाऊन म्हातारीपाशी बसायची. म्हातारी असेपर्यंत.

राहुलला मात्र हे सगळं हळूहळू खुपायला लागलं होतं. एका सुट्टीत तो आला असताना मीही नांदेडला होते. चहा पिता पिता विषय निघाला. तो म्हणाला, "आई, इथं एकटी राहून राहिलीस. चल ना तिकडं. तुला त्या देशाचं एवढं वेड आहे."

"देशाचं कुठं? तो देश तर नकाशातसुद्धा नाही आता."

"चेष्टा नको करू. तिथल्या म्हाताऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या वस्तू तू इथं आणून भिंतीवर मांडतेस. तुझं पोरगं तिथं आहे, त्याच्याजवळ राहायला मात्र नको म्हणतेस."

यशोधरानं कप खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "तिथं मी तीन महिने खिडकीत बसले, राहुल. खालून इतकी माणसं जायची. त्यातल्या एकालाही मला काही विचारता येत नव्हतं. इथं मी भाजी आणायला गेले तरी चार जणांना काहीतरी विचारून येते. विचारल्याशिवाय मी जगायची नाही रे."

तो उठला, रिकामे कप उचलून आत गेला. पण दुखावला, हे आम्हा दोघींनाही दिसलं. पुढच्या खेपेला त्यानं फुलदाणी आणली नाही. तिनं मागितली नाही. फोनवर दोघं तब्येतीचं बोलायचे, हवेचं बोलायचे. फुलदाण्यांचं कधी नाही. ती माझ्यापाशी म्हणाली होती, "माझं उत्तर बरोबर होतं गं. पण त्याचा प्रश्न तो नव्हता." त्यानंतर वर्षाच्या आतच ती गेली.

बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि घरात राहुल आणि मी दोघंच उरलो. तो कप्प्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, यांचं काय करायचं? कुणी घेतील का?" काहीतरी करायचं म्हणून त्यानं कोपऱ्यातली एक उचलली. इतरांच्या मानानं ती अगदीच बेढब, मळकट करड्या रंगाची. कशी कोण जाणे, त्यानं ती उलटी केली. बुडाशी, ओल्या मातीत खिळ्यानं कोरावं तसं, देवनागरीत लिहिलं होतं. 'नांदेड'.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मी त्याला सांगितलं. त्या लेपात धार लावायच्या चाकातली पूड घालतात, ती भट्टीत वायू सोडते आणि म्हणून लेप फसफसतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मग हार्डवेअरच्या दुकानातून तसली पूड आणली, लेप कालवला, आणि एका कुंभाराच्या आव्याशेजारी स्टूल टाकून दिवसभर बसली. आव्याची आच तेवढी चढत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला स्वतः बघायचं होतं. निघालं ते हे. भाकरीला राख लागावी तसं. ती इतकी हसली होती, की कुंभारही हसायला लागला. आणि तरीही तिनं ती जर्मनांच्या रांगेत आणून ठेवली.

राहुल ती हातात घेऊन जमिनीवर बसला. "मला कधी सांगितलं नाही तिनं." मग बुडाच्या अक्षरांवर अंगठा फिरवत म्हणाला, "मीही विचारलं नाही." त्या संध्याकाळी आम्ही एकेक फुलदाणी खाली काढली. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, हा घाटाचा आकडा, ही उंची. जे येत नव्हतं ते खूप होतं. जाताना त्यानं घराची किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाला, सध्या काहीच हलवू नको.

आता महिन्यातून एकदा मी नांदेडला जाते, खिडक्या उघडते, रंगाच्या मऊ ब्रशनं त्या लेपाच्या खळग्यांतली धूळ काढते. खोलीत तिची खुर्ची अजून कप्प्यांकडं तोंड करूनच आहे. मी तिच्यात बसत नाही, शेजारी पाट घेते. परवा अशीच बसले होते तर राहुलचा फोन आला. तो राहतो तिथून तासाभरावर चिकणमातीचा डोंगराळ मुलूख आहे. या फुलदाण्या बनवणाऱ्यांची गावं तिकडंच. इतकी वर्षं तो कधी गेला नव्हता. या रविवारी गेला. तिथला कारखाना बंद होऊन जमाना झालाय, म्हणाला, आता तिथं किराणा मालाचं मोठं दुकान आहे. परत फिरणार होता, तर बसथांब्यावर एक म्हातारी बाई बसली होती. कारखान्याबद्दल सहज विचारलं. ती तरुणपणी तिथंच कामाला होती. ब्रशनं लेप चढवायची.

"तिला मोबाइलमधले फोटो दाखवले, मावशी. ती बघतच राहिली. म्हणाली, इंडियात हे कुणाला हवं होतं? म्हटलं, माझ्या आईला. तर तिनं विचारलं, कशी होती तुझी आई?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"त्या भाषेत मी आईबद्दल कधी बोललोच नव्हतो. शब्द सापडेनात. म्हटलं, ती भूगोल शिकवायची... मग तिथून सांगत गेलो. मध्येच त्या बाईची बस आली."

"मग?"

"तिनं ती जाऊ दिली."