तीन पाटांचे मास्तर

अनंतकृष्ण राव हे कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतले इंग्रजीचे मास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी घरापुढच्या ओट्यावर रोज संध्याकाळी शिकवणी चालते. ओट्यावर तीन पाट: नामाचा, क्रियापदाचा, विशेषणाचा. मुलांनी पाटीवर 'सॉल्ट' लिहायचं आणि पाट बदलत वाक्यं सांगायची. बरणीतलं मीठ, भातात मीठ घालणं, मिठाचं पाणी. इंग्रजी शब्द तोच. "शब्दाची जात जन्मानं ठरत नाही, पाटानं ठरते," हे मास्तरांचं पालुपद.

घरात मात्र त्यांना एकच पाट ठाऊक, जेवायचा. मी शेजारीण, चाळीस वर्षं बघते आहे.

गेल्या मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, त्यांच्या बायकोचा, शिवकामीबाईंचा, उजवा हात मोडला. त्यांचं सोवळं कडक. घरच्या माणसानं न्हाऊन रांधलेलंच त्या खाणार. घरात दुसरं कोण? मी नेलेला डबा त्यांनी हात जोडून परत केला. तीन दिवस बाई केळी नि दुधावर, आणि मास्तर हॉटेलात इडली खाऊन येत होते! मला राहवलं नाही. चौथ्या संध्याकाळी भर वर्गात म्हटलं, "मास्तर, तुम्हांस दुसरा पाट नाहींच का?"

मुलं हसली. मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं ते चुलीपुढे उभे राहिले. शिवकामीबाई उंबऱ्यातून सांगत होत्या, ते करत होते. बोट भाजलं, सार उतू गेलं, पण भात झाला. मी पडवीत बसून पाहत होते. बाई डाव्या हातानं, चमच्यानं जेवल्या आणि सार दोनदा मागून घेतलं. मास्तरांचा चेहरा खुलला.

मग ते जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. सारात मीठच नव्हतं.

"सांगितलें कां नाहींस?"

"लग्न होऊन आलें तेव्हां माझें पहिलें सार असेंच झालें होतें. तुम्ही पानावरून उठून गेलां. उपाशी राहिलें मी त्या दिवशीं. आज म्हटलें, आपण उठूं नये."

मास्तरांना ते आठवतही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्यांची कीव आली, आणि बाईंचा अभिमान वाटला.

मिठाची बरणी हाताशी होती. मास्तरांनी तिला हात लावला नाही. मान खाली घालून ते पान स्वच्छ होईपर्यंत जेवत राहिले.