तिसरा विसर्ग

आमच्या सासुरवाडीचा नवरात्रातला अखंड दिवा बेचाळीस वर्षांत एकदाच विझला. तो मी विझवला. आणि अत्यंत शुद्ध उच्चारांनी विझवला!

सासूबाई गंगापूर रोडला राहतात. अष्टमीला त्यांच्याकडे जावयाने देवीपुढे स्तोत्र म्हणायचं, अशी पद्धत. जावई दोन. थोरले, म्हणजे माझे साडू विश्वासराव, पुण्याचे. धाकटा मी, सटाण्याकडचा. उभा जन्म ओझरच्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेलेला. त्यामुळे स्तोत्र विश्वासराव म्हणत आणि मी प्रसादाचे द्रोण पुसत बसे. एकदा हिय्या करून मीही म्हटलं होतं. ऐकून विश्वासराव एवढंच म्हणाले, "भाव महत्त्वाचा हो!" ते वाक्य मला अकरा वर्षं टोचत होतं.

निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात इंदिरानगरच्या देवरेबाईंची शिकवणी लावली. बाईंनी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलेलं. माझं पहिलं कडवं ऐकून त्या उठल्या आणि पेटती मेणबत्ती घेऊन आल्या. (मला वाटलं, लाइट गेली.)

"ही तोंडासमोर धरा. ख, घ, भ म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. विसर्गाला तर थरथरलीच पाहिजे."

मी म्हटलं. ज्योत ढिम्म!

"अहो, तुमचा श्वास जातो कुठे?" बाईंनी काळजीने विचारलं.

मग मात्र मी इरेला पेटलो. रोज सकाळ-संध्याकाळ डायनिंग टेबलावर मेणबत्ती आणि मी. तिसऱ्या आठवड्यात ज्योत हलली. पाचव्यात वाकली. सहाव्यात विझली! सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याचा व्हिडिओ काढला. बाई म्हणाल्या, "थरथरायला हवी म्हटलं होतं मी, विझायला नाही!" पण गुरूच्याही पुढे गेल्याचा भास झालेल्या शिष्याला हे कोण समजावणार?

अष्टमीला मी जाहीर केलं, "यंदा स्तोत्र मी म्हणणार."

"म्हणा की, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "फक्त जरा लांब बसा."

मी दिव्यापासून वीतभर अंतरावर बसलो. दिव्याला काच लावलेली होती. तिच्या आड ज्योत हलणार कशी, आणि विश्वासरावांना दिसणार काय? मी काच उचलून बाजूला ठेवली.

"अहो, असू द्या ना ती," विश्वासराव म्हणाले.

"शुद्ध उच्चाराला आडपडदा कशाला?" मी म्हणालो!

पहिलं कडवं झालं. ज्योत सुरेख थरथरली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी लागोपाठ तीन विसर्ग होते. पहिल्याला ज्योत झुकली. दुसऱ्याला निळी झाली. तिसरा मी गिळायला हवा होता. पण विश्वासराव चक्क कौतुकाने बघत होते हो!

धुराची एक बारीक रेघ वर गेली. "अहो!" सुनंदा किंचाळली. सासूबाईंनी बेचाळीस नवरात्रं रात्री-अपरात्री उठून त्या वातीला तेल घातलं होतं, आणि मी साडूला दाखवायला म्हणून ती फुंकून टाकली होती. मला खरंच रडू येत होतं.

सासूबाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पेटतं निरांजन होतं. त्यावरून त्यांनी वात पुन्हा लावली आणि काच बसवली.

"सकाळीच ह्या दिव्यावरून निरांजन लावून आत ठेवलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्योत तीच आहे."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"सुनंदाने व्हिडिओ पाठवला होता ना! उच्चार मात्र अगदी स्वच्छ हो तुमचे."

तेव्हापासून अष्टमीचं स्तोत्र माझ्याकडेच आहे. मी गॅलरीत बसून म्हणतो. आणि विश्वासराव, साक्षात पुण्याचे विश्वासराव, दिव्यापुढे पितळी परात आडवी धरून बसतात.