खांद्याला बघून केलेलं धनुष्य

नंदिगड्ड्यात बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून धनुष्यं करणारा एक माणूस आहे. पट्ट्यांना गोंद लावला की तो त्या सायकलच्या ट्यूबने करकचून बांधतो आणि गोंद वाळेपर्यंत कुणाशी बोलत नाही. मग धनुष्य खुंटीवर ताणून बघतो. जी बाजू कमी वाकते तिला "हट्टी म्हातारे" म्हणत काचेने खरवडतो.

गेल्या वर्षी गणेशगुडीच्या तिरंदाजीच्या स्पर्धेत माझा खांदा अर्ध्यातच दुखावला आणि धाकटे दीर वर्षभर हसले. यंदा मी त्या धनुष्यवाल्याला बजावलं, "ताणायला चाळीस पौंड जोर लागंल असं कर. भावोजींचं तेवढंच हाय."

त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं. "व्हय अक्का."

धनुष्यावर त्याने ठळक चाळीस लिहून दिलं. स्पर्धेत खांदा शेवटपर्यंत टिकला आणि दीर मागे पडले. घरी येऊन मी ते टांगत्या काट्याला लावून ताणलं, तर जेमतेम अठ्ठावीस पौंड.

मी तडक त्याच्याकडे गेले. "ह्ये काय लिवलंस?"

"अक्का, धनुष्य तुमच्या खांद्याला बघून केलंय. आकडा भावोजींना बघून लिवलाय."

"मग पुढच्यावर पन्नास लिव," मी म्हटलं.